पॅनल मला एकटीला चालवता आलं पाहिजे

आमच्या संस्थेची वेबसाइट स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, व्यवस्थित वाचता यायची. ती जिथे ठेवली होती त्या होस्टिंगचं पॅनल, म्हणजे सर्व्हरची कामं जिथून करायची ते पान, मात्र मला वाचता यायचं नाही. धुळ्यात राहून धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अंध आणि अल्पदृष्टी मुलामुलींसाठी आम्ही काम करतो. मी स्वतः जन्मापासून अंध आहे आणि वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. शिबिराची बातमी टाकणं, फोटोंना वर्णन लिहिणं, पालकांसाठीची माहिती बदलणं, हे सगळं मी वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर लावून करते. पण मजकुराच्या मागे, सर्व्हरच्या बाजूला काही बिघडलं की कुणातरी डोळस माणसाला शेजारी बसवावं लागायचं आणि पासवर्ड त्याच्या हवाली करावा लागायचा. होस्टिंग बदललं ते यासाठी. ते कसं निवडलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण खानदेशातल्या ज्या छोट्या संस्थांशी माझं बोलणं होतं, त्यांनी होस्टिंग घेताना दर किती आणि जागा किती एवढंच विचारलेलं असतं.

निमित्त झालं देणगीच्या पानाचं. एका संध्याकाळी ते पान खालच्या बाणाने ओळ-ओळ ऐकत होते. ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची माहिती संपली आणि बँक खात्याचा तपशील सुरू होण्याआधी एनव्हीडीए एकापाठोपाठ एक इंग्रजी औषधांची नावं वाचायला लागला. प्रत्येक नावापुढे ‘लिंक’. शेजारच्या टेबलावरच्या दादाला पान उघडायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, काहीच नाही इथे. पान स्वच्छ आहे." त्याने पुन्हा पाहिलं, तरी त्याला काही दिसेना आणि मला मात्र ऐकू येत होतं. कारण साधं होतं. घुसखोराने त्या लिंका पडद्याच्या डाव्या कडेबाहेर ढकलून ठेवल्या होत्या. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण पानाच्या कोडमध्ये त्या जागच्या जागी असतात. सर्च इंजिन त्या वाचतं आणि स्क्रीन रीडरही वाचतो. वर्डप्रेसला जोडलेलं एक जुनं प्लगइन, म्हणजे जादा सोयीचं छोटं सॉफ्टवेअर, बरेच महिने अपडेट झालेलं नव्हतं, तिथून हे आत आलं होतं.

पान साफ करायला मी होस्टिंगचं पॅनल उघडलं. फाइल मॅनेजरमध्ये प्रत्येक फोल्डर म्हणजे नाव नसलेलं चित्र. टॅब दाबत गेले की ‘बटन, बटन, बटन’ एवढंच ऐकू यायचं. फोल्डर उघडायला माउसचा डबल क्लिक लागायचा, एंटर चालायचा नाही. बॅकअपची यादी होती, तारखाही वाचता येत होत्या, पण कुठला बॅकअप धड आहे आणि कुठला अर्धवट, हे फक्त हिरव्या-लाल ठिपक्याने दाखवलेलं. मदतीसाठी चॅट उघडलं तर खिडकी पडद्यावर आली, कर्सर मात्र मागच्या पानातच राहिला. शेवटी दादा माउस धरून बसला, मी एकेक पायरी सांगत गेले आणि काम झालं. माहिती माझ्याकडे होती, निर्णय माझा होता, फक्त हात दुसऱ्याचा लागला. आणि हे अशा संस्थेत, जिथे आम्ही मुलांना रोज सांगतो की संगणकावर कुणावर अवलंबून राहू नका.

आणखी एक गुंता होता. ते होस्टिंग फार पूर्वी एका हितचिंतकांनी स्वतःच्या कार्डावर घेऊन दिलेलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. ते पुण्याला असतात, फोन केला की लगेच ओटीपी सांगतात, त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंकाच नाही. पण संस्थेची वेबसाइट संस्थेच्या नावावर हवी.

मग मॅनेज्ड होस्टिंगचा विचार पुढे आला. साध्या शेअर्ड होस्टिंगमध्ये कंपनी जागा देते आणि पुढचं बरंचसं आपण बघायचं. मॅनेज्डमध्ये वर्डप्रेसचे अपडेट, रोजचा बॅकअप, घुसखोरी झाली तर सफाई, सर्व्हरची देखभाल हे त्यांच्याकडे. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांनी संपतं, ते वेळेवर नवं करणंही त्यांच्याकडेच. आमच्याकडे पूर्ण वेळ तांत्रिक माणूस नाही, ठेवणं परवडणारंही नाही. म्हणून हाच मार्ग योग्य होता. मजकूर, फोटोंची वर्णनं, शीर्षकांची रचना मात्र कुठलंच होस्टिंग सांभाळत नाही. ते आपलंच काम राहतं.

विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न पैशाचाच आला. आत्ताच्या दरापेक्षा जास्त का द्यायचं? प्रकल्पांच्या अनुदानात होस्टिंगचा रकाना नसतो, हा खर्च सर्वसाधारण देणग्यांतून जातो, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी देणगीच्या पानाची हकिगत सांगितली आणि मग कायद्याकडे वळले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगम्यतेची, म्हणजे सेवा दिव्यांगांनाही वापरता येईल अशी ठेवण्याची जबाबदारी खासगी सेवादात्यांवरही टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला बँकांच्या डिजिटल केवायसीचा होता, पण याचिका करणाऱ्यांची अडचण माझ्यासारखीच होती: यंत्रणा उभी करताना आपण तिच्या वापरकर्त्यांत धरलेलेच नाही. आमचे ज्येष्ठ विश्वस्त अण्णा बैठकीत अहिराणीतच बोलतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "हाई तुले जमी का, इतलंच सांग." मी म्हटलं, पॅनल नीट असेल तर जमेल, आणि ते नीट आहे की नाही हे पैसे भरण्याआधी मी स्वतः तपासणार. तेवढ्यावर ठराव झाला.

फुकटच्या योजना आधी पाहिल्या. स्वयंसेवी संस्थांना मोफत होस्टिंग देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत, पण त्यांपैकी अनेकांची अट अमेरिकेच्या करकायद्यातल्या ५०१(सी)(३) नोंदणीची असते. आपली धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी तिथे चालत नाही. काही ठिकाणी भारतीय संस्थांनाही सवलत मिळते, कागदपत्रांची पडताळणी करून. ती सवलत मिळत असेल तर जरूर घ्यावी, पण पडताळणीचा अर्जसुद्धा स्क्रीन रीडरवर भरता येतो का ते आधी पाहावं. मी उघडलेल्या एका अर्जात चित्रातली अक्षरं ओळखायची होती आणि त्याला आवाजाचा पर्यायच नव्हता. डब्ल्यूसीएजी २.० ही वेब सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये आली, तेव्हापासून कॅप्चाला दुसऱ्या इंद्रियाने जाणता येणारा पर्याय द्या असं त्यांत लिहिलेलं आहे.

दरांच्या बाबतीत हिशेब बघणाऱ्या काकांची फार मदत झाली. जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो, नूतनीकरणाचा दर वेगळा आणि बहुतेक वेळा बराच जास्त. त्यावर १८ टक्के जीएसटी. आमच्या संस्थेची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो परत मिळत नाही, पूर्ण खर्चात जातो. डॉलरमध्ये बिल असेल तर विनिमय दर आणि बँकेचं शुल्क वेगळं. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. परवानगी नीट नोंदली गेली नसेल तर हप्ता जात नाही आणि वेबसाइट बंद पडू शकते. काकांनी सांगितलं, रुपयांत बिल, संस्थेच्या नावाने पावती आणि वर्षातून एकदाच पैसे. ऑडिटलाही हेच सोयीचं. या चाळणीतून बरीच नावं गळाली.

उरलेल्या कंपन्यांना मी एकच पत्र पाठवलं. त्यात वैशिष्ट्यांची चौकशी नव्हती, कामं लिहिली होती. माउसला हात न लावता, फक्त कीबोर्ड आणि एनव्हीडीए वापरून मला लॉगिन करायचं आहे, कालचा बॅकअप परत आणायचा आहे, बदल करून बघायला वेबसाइटची चाचणी प्रत बनवायची आहे, नवा ईमेल पत्ता काढायचा आहे, बिल उतरवून घ्यायचं आहे आणि मध्यरात्री काही अडलं तर मदत मागायची आहे. यातलं काय होतं, काय होत नाही? पॅनलच्या सुगम्यतेचा अहवाल, म्हणजे भरलेला व्हीपॅट, असेल तर पाठवा. नसेल तर चाचणीसाठी खातं द्या, मीच तपासून सांगते.

उत्तरं बोलकी होती. काहींनी आमच्या वेबसाइटसाठी सुगम्य थीम सुचवली. वेबसाइटला भेट देणारा अंध असू शकतो इथपर्यंत त्यांची कल्पना पोहोचली होती, वेबसाइट चालवणारी बाईही अंध असू शकते इथपर्यंत पोहोचली नव्हती. खरं तर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१५ मध्ये एटॅग २.० हे वेगळं मानक काढलं ते याचसाठी. त्याचा पहिला भागच सांगतो की मजकूर तयार करण्याचं साधन दिव्यांग व्यक्तीला स्वतः वापरता आलं पाहिजे. एका विक्री प्रतिनिधीने फोन करून सांगितलं, "मॅडम, आम्ही तुमच्या साइटवर एक विजेट बसवून देतो, एका ओळीत साइट शंभर टक्के सुगम्य होते." मी त्यांना नम्रपणे नको म्हटलं. अशी विजेटं वरून अक्षर मोठं करतात, रंग बदलतात, पण खालच्या बटनाला नाव नसेल तर ते नाव त्यांना भरवशाने देता येत नाही, आणि कित्येकदा आपल्या स्क्रीन रीडरच्याच कामात अडथळा येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असाच दावा करणाऱ्या एका विजेट कंपनीवर कारवाई करून १० लाख डॉलर भरायला लावण्याचं जाहीर केलं. छोट्या संस्थांच्या देणगीचा पैसा अशा विजेटवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तीन कंपन्यांनी चाचणी खातं दिलं किंवा पैसे परत मिळण्याची मुदत लेखी कळवली. तिथून खरं काम सुरू झालं.

पहिल्या पॅनलमध्ये दुहेरी सुरक्षेपाशीच अडले. लॉगिनसाठीचे आकडे देणारं ऑथेंटिकेटर ॲप जोडायला क्यूआर कोड दाखवला होता, पण त्याच्याखाली जी अक्षरांची किल्ली लिहून द्यायची असते ती नव्हती. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर अंदाजाने धरून कोड पकडता येतो, मी पकडलाही, पण उद्या मोबाइल बदलला आणि ऑफिसात एकटी असले तर पुन्हा तीच कसरत. दुसऱ्या पॅनलचं लॉगिन सरळ होतं, आतला डॅशबोर्ड मात्र सगळा आलेखांचा. एच दाबून शीर्षकांवरून उड्या मारायला गेले तर अख्ख्या पानावर एकही शीर्षक नाही. डोळसांना मोठ्या ठळक अक्षरांत जे शीर्षक दिसत होतं ते कोडमध्ये साधा मजकूर होता.

तिसरं पॅनल उघडलं आणि पहिल्याच मिनिटात फरक जाणवला. एच दाबलं: वेबसाइट, बॅकअप, डोमेन, बिलं, मदत. टी दाबलं तर बॅकअपची यादी खऱ्या तक्त्यात: तारीख, वेळ, आकार, स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘पूर्ण’ किंवा ‘अपयशी’ हा शब्दच लिहिलेला, रंग असेल तर असो. कालच्या ओळीतलं ‘परत आणा’ बटन दाबलं. खात्री विचारणारी चौकट उघडली आणि कर्सर स्वतःहून त्या चौकटीत आला, एनव्हीडीएने प्रश्न पूर्ण वाचला, कुठल्या तारखेचा बॅकअप आणि त्यानंतरचे बदल जातील हेही. हो म्हटलं. काम चालू असताना थोड्या-थोड्या वेळाने प्रगती ऐकू येत राहिली आणि शेवटी ‘बॅकअप परत आणला’ असं आपोआप वाचलं गेलं. दादा शेजारीच बसला होता, हात बांधून. त्याला मी मुद्दाम तसं बसवलं होतं.

तिथलं चॅट परिपूर्ण नव्हतं, नवा संदेश आला की कधी वाचला जायचा, कधी नाही. पण तिकीट ईमेलवर चालायचं. रात्री उशिरा मी एक खरा प्रश्न पाठवला, डीएनएसमधली, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या यादीतली, ईमेलची नोंद कुठे बदलायची. उत्तरात स्क्रीनशॉट आला, त्यावर म्हणे लाल बाण काढलेला. मी कळवलं की मी स्क्रीन रीडर वापरते, पायऱ्या शब्दांत लिहून द्या. पुढच्या उत्तरात त्या मुलीने पायऱ्या क्रमाने लिहिल्या, प्रत्येक बटनाचं नेमकं नाव देऊन, आणि आमच्या खात्यावर तशी कायमची नोंद करून ठेवली. त्यानंतर कुणीही उत्तर दिलं तरी शब्दांतच आलं. माझा निर्णय खरं म्हणजे इथेच झाला. पॅनल उद्या बदलेल, नवं रूप येईल, त्यात नव्या अडचणी येतील. ऐकून घेणारी माणसं असतील तर त्या सुटतात.

एक तपासणी मात्र मी एकटीने करून भागणारी नव्हती. आमच्या वेबसाइटवर येणारे अर्धेअधिक लोक मोबाइलवर, आणि त्यांतले बरेच सातपुड्यातले. धडगाव, अक्कलकुवा भागात डोंगराच्या एका बाजूला नेटवर्क असतं, दुसऱ्या बाजूला नसतं. आमच्या क्षेत्रकार्यकर्त्यांनी चाचणी प्रत त्या गावांतून उघडून पाहिली. सर्व्हर मुंबईत असल्याचा फायदा जाणवला, जुना सर्व्हर अमेरिकेत होता आणि प्रत्येक विनंती तिथवर जाऊन यायची. पण त्याहून मोठा फरक पहिल्या पानावरची सरकती मोठी छायाचित्रं काढून टाकल्याने पडला. फोटो लहान केले आणि वेगळा मराठी फाँट उतरवायला लावण्याऐवजी मोबाइलमधलाच देवनागरी फाँट वापरला. शिष्यवृत्तीच्या माहितीचं पान आता कमकुवत नेटवर्कवरही उघडतं असं तळोद्याकडच्या कार्यकर्त्या ताईंनी कळवलं.

स्थलांतर कंपनीने करून दिलं, ते शुल्कातच होतं. आधी डोमेन संस्थेच्या नावावर घेतलं. हितचिंतकांनी ट्रान्सफरचा कोड पाठवला, नोंदणीला संस्थेचा ईमेल आणि संस्थेचा मोबाइल क्रमांक लावला. वेबसाइट नव्या जागी आल्यावर मी पानन् पान ऐकलं. एका गोष्टीकडे इतर संस्थांनीही लक्ष द्यावं: पानाच्या कोडमध्ये भाषा कुठली नोंदली आहे. आमची पानं मराठी, पण जुन्या थीममध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली होती. त्यामुळे आपोआप भाषा बदलणारा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे द्यायचा, आणि असे काही आवाज देवनागरी आली की गप्पच बसतात. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी केली, थीममधली नोंद सुधारून घेतली, आणि मुलांनी मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून पान ऐकलं तेव्हा मराठी मराठीत वाचलं गेलं. जुने वार्षिक अहवाल स्कॅन केलेले होते, म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोरा कागद. ते मजकुरात आणायचं काम सुरू आहे, दोन मुली टाइप करताहेत.

त्याच वेळी अर्जाचं पानही बदललं. पूर्वी पालक यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची प्रत वेबसाइटवरच चढवायचे आणि ती सर्व्हरवर पडून राहायची. घुसखोरी झाली तेव्हा माझा जीव त्याच विचाराने उडाला होता. आता वेबसाइटवर फक्त नाव, गाव आणि फोन घेतो. कागदपत्रं कार्यकर्ते प्रत्यक्ष भेटीत पाहतात.

आता पॅनलचं मुख्य खातं संस्थेच्या ईमेलवर आहे. माझं वेगळं लॉगिन आहे, दादाचं वेगळं, काकांना फक्त बिलांपुरतं. आमच्याकडे संगणक शिकलेली शिरपूरची एक मुलगी आता माझ्यासोबत हे काम करते. तीही पूर्ण अंध आहे. तिने पहिल्यांदा चाचणी प्रत बनवून त्यात बदल केले आणि ते मुख्य वेबसाइटवर आणले, तेव्हा मी फक्त ऐकत होते.

भेटींचा आलेख अजून वाचता येत नाही. त्याखाली आकड्यांचा तक्ता द्या असं मी लिहून कळवलं आहे, आणि सापडलेल्या बाकीच्या त्रुटीही कुठल्या पानावर, कुठली कळ दाबल्यावर, काय ऐकू आलं आणि काय ऐकू यायला हवं होतं अशा क्रमाने पाठवल्या आहेत. दोन दुरुस्त होऊन आल्या. बिलाच्या पीडीएफमधला तक्ता अजून ओळींची सरमिसळ करून वाचला जातो, म्हणून ते दर वेळी ईमेलच्या मजकुरात रक्कम, कर आणि मुदत लिहून पाठवतात. नूतनीकरणाचा दर काकांनी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घातला आहे. कंपन्यांना पाठवलेलं ते पत्र साक्री आणि अमळनेरच्या दोन संस्थांनी मागून घेतलं, त्यात त्यांनी आपापली कामं भरली आहेत.